नवीन हॉटेलं रोज उघडतायत, जुनी बदलतायत, बाहेर जेवायला जाताना ठरवता कसं?

भटकी_जीभ:

नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण आमच्या घरात यावरून दर वेळी वाद होतो म्हणून इथे टाकतोय. शहर नुसतं फुगत चाललंय, नवीन रस्ता झाला की लगेच त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलांचे बोर्ड लागतात, रील्स येतात, बाहेर रांगा लागतात, आणि वर्ष उलटायच्या आत त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर दुसरंच नाव असतं. पोरांना कायम नवीन ठिकाणी जायचं असतं. आई-बाबांना ठरलेलं जुनं हॉटेल, ठरलेलं टेबल, ठरलेला वेटर. मधल्या मध्ये मी आणि बायको.

बरं नवीन ठिकाणी गेलं तर कधी एकदम भारी निघतं, कधी पाऊण तास नुसतं पाणी पीत बसायचं आणि शेवटी जे येतं ते शेजारच्या टेबलचं असतं. जुन्यावर डोळे झाकून भरवसा ठेवावा तर तिथेही हल्ली चव पूर्वीसारखी राहिली नाही असं वाटतं. का आपणच म्हातारे झालो, काय माहीत.

तर विचारायचं असं की नवीन हॉटेल उघडल्यावर किती दिवसांनी जावं? रेटिंगवर कितपत विसंबता? आणि जुनं हॉटेल बिघडलंय हे ऑर्डर द्यायच्या आधी कळायची काही सोय आहे का? हॉटेलांची नावं नका सांगू, इथे जो तो वेगळ्या गावचा. पद्धत सांगा.

झारा_आणि_कढई:

बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत, आता दुसरा धंदा करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

नवीन हॉटेलात पहिल्या महिन्यात आत काय चाललेलं असतं ते बाहेर बसून कळत नाही. स्टाफ वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेला, एकमेकांची नावंसुद्धा धड माहीत नसतात. कुठल्या वारी किती गर्दी होणार याचा अंदाज कुणालाच नाही, म्हणजे सकाळी तयारी किती करून ठेवायची हे सगळं हवेत. कमी केली तर रात्री नऊला किचन कोलमडतं, जास्त केली तर माल फेकायचा, किंवा फेकायचा नाही आणि उद्या वापरायचा (हेच जास्त होतं). त्यात मालकाने हौसेने मेन्यू कार्ड पंधरा पानांचं छापलेलं असतं. केओटी (टेबलची ऑर्डर लिहून किचनमध्ये येते ती चिठ्ठी) धडाधड येतात, एका टेबलचे पाच पदार्थ पाच वेगवेगळ्या गॅसवर, आणि ते एकाच वेळी बाहेर पाठवायची सवय अजून कुणाच्या हाताला लागलेली नाही. तुम्हाला दुसऱ्याच टेबलचं जेवण आलं ना, ते यातूनच. वेटर बिचारा आळशी नसतो, त्याला अजून टेबल नंबरच पाठ झालेले नसतात.

म्हणून माझं मत, उघडल्यावर निदान महिना दीड महिना जाऊ द्या. मोठ्या वर्तमानपत्रांत जे समीक्षक असतात ते पण साधारण हेच करतात, उघडल्या उघडल्या लिहीत नाहीत, काही आठवडे सोडतात आणि एकदा जाऊन निकाल देत नाहीत, दोन तीनदा जातात.

पण फार उशीरही करू नका, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. बऱ्याच नवीन हॉटेलांचा मेन्यू बाहेरच्या कन्सल्टंट शेफने बसवून दिलेला असतो. तो येतो, पदार्थ ठरवतो, आचाऱ्यांना शिकवतो, काही महिने थांबतो आणि पुढच्या कामाला जातो. तो गेला की मापं हळूहळू सुटायला लागतात. कुणीतरी मसाला अंदाजाने टाकतो, कुणी वाढताना शेवटचा एक टप्पाच गाळतो. मालकाला चवीचं कळत असेल तर निभावतं, नसेल तर सहा आठ महिन्यांनी जे ताटात येतं त्याचा आणि रीलमधल्या पदार्थाचा फक्त नावापुरता संबंध. तेव्हा नवीन ठिकाणचा सगळ्यात चांगला काळ मधला, घडी बसल्यानंतरचा आणि ती विस्कटायच्या आधीचा.

दोस्त_सुदामा:

जेवायला चाललाय का पीएचडीला 😂 भूक लागली की जावं राव. गर्दी दिसली की आत शिरावं.

रोखठोक_हिशोब:

सुदामा, गर्दीचं पण सांगतो थांब, काही ठिकाणी मुद्दाम पुढच्या खिडकीजवळची टेबलं आधी भरतात, आत अर्धं हॉटेल रिकामं असतं 😄

मी हिशोबाच्या बाजूने लिहितो, माझ्याकडे काही हॉटेलवाल्यांची पुस्तकं येतात. बोर्ड बदलतात असं भटकी_जीभ म्हणतात ते बरोबर आहे पण आपल्याला वाटतं तितकंही भयंकर नाही. "दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद पडतात" असं सगळे छातीठोक सांगतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात पार्सा नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून बघितलं, २००५ साली छापून आलं. पहिल्या वर्षात साधारण २६ टक्के बंद पडली किंवा मालक बदलले, तीन वर्षांत मिळून ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारातलं एक पहिल्या वर्षी जातं. शहरागणिक आकडा बदलणार हे उघड आहे, पण नव्वद टक्के वगैरे कै च्या कै आहे.

आता जुनं हॉटेल का बिघडतं ते ऐका, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा किचनमध्ये नसून भाडेकरारात असतं. या धंद्यात मोटामोटी धरतात ते असं की विक्रीतले तीसेक टक्के मालाला, तेवढेच किंवा थोडे जास्त पगारांना, आणि भाडं दहाच्या आत राहिलं पाहिजे. वीज, गॅस, दुरुस्त्या, कमिशनं वगैरे जाऊन हातात उरतात ते शंभरात तीन ते पाच, फार तर थोडे जास्त. शहर वाढलं की जागेचे भाव चढतात, करार संपतो, जागामालक नवीन आकडा सांगतो. दहाचे पंधरा झाले तर उरणारं सगळंच गेलं! मग हॉटेलवाल्याकडे रस्ते किती? दर वाढवले तर जुनी गिऱ्हाईकं कुरकुरतात. म्हणून तो आधी न दिसणाऱ्या गोष्टींना हात लावतो, तेल खालच्या प्रतीचं, माल पुरवणारा बदलला, वाटी तीच पण आत कमी, जुना पगारदार आचारी गेला त्याच्या जागी दोन नवखी पोरं. प्रत्येक बदल एवढासा असतो, एका वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. तुमची जीभ म्हातारी झालेली नाही हो.

दुसरं लक्षण म्हणजे शाखा. मालक गल्ल्यावर बसायचा, येणाऱ्या जाणाऱ्या ताटाकडे त्याची नजर असायची. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन उघडली की तो गाडीत फिरत असतो. सगळ्याच शाखा वाईट असतात असं नाही, पण पहिल्या ठिकाणचं रेटिंग आणि नाव दुसऱ्या ठिकाणी उधार वापरलेलं असतं हे लक्षात ठेवायचं.

चष्मेबद्दूर_वाचक:

रेटिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी.

आधी थोडा इतिहास, आवडीचा विषय आहे, कंटाळा आला तर पुढे जा. हॉटेलांना तारे द्यायची प्रसिद्ध पद्धत एका टायर कंपनीची. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी गाइड काढलं, लोक गाडीने लांब लांब गेले तर टायर झिजतील आणि नवीन लागतील असा सरळ हिशोब. तारा आला १९२६ ला, एक दोन तीन अशी उतरंड १९३१ ला. त्यांचे तपासनीस ओळख न देता जातात आणि बिल भरतात. त्या पद्धतीवर टीका करणारे खूप आहेत, पण निदान तिथे मत देणारा माणूस खरंच जेवलेला असतो.

ऑनलाइन तेवढीही खात्री नाही. २०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडच्या नावाने एक हॉटेल नोंदवलं, द शेड ॲट डलिच. हॉटेल अस्तित्वातच नव्हतं. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहवून घेतले, पदार्थांचे फोटो म्हणून शेव्हिंग फोम आणि कसले कसले रंगवलेले तुकडे वापरले, फोन आला की "सगळं बुक आहे" सांगायचं. आणि काही महिन्यांत ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर ते लंडनमधलं एक नंबरचं हॉटेल झालं! लोक विनवण्या करत होते टेबल द्या म्हणून.

असले उद्योग का होतात तर त्यात पैसा आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिॲटलमधली हॉटेलं आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरची रेटिंगं यांचा अभ्यास केला होता, त्यात एक तारा वाढला की विक्री ५ ते ९ टक्के वाढते असं दिसलं. गंमत म्हणजे हा परिणाम एकट्या दुकट्या स्वतंत्र हॉटेलांवर, साखळीवाल्या मोठ्या ब्रँडवर नाही, कारण त्यांच्याबद्दल लोकांना आधीच माहिती असते. आता वर हिशोबवाल्यांनी सांगितलं की हातात शंभराला तीन ते पाच उरतात. म्हणजे एक तारा त्या माणसासाठी काय चीज आहे बघा.

मी वापरतो तेव्हा एकच गोष्ट बघतो, तारीख. हे सरासरीचं भानगडीचं काम आहे कारण जुन्या हॉटेलचं ४.४ हे त्याच्या सगळ्या आयुष्याचं रेटिंग असतं, त्यात पाच वर्षांपूर्वीचा आचारी आहे, जुना मालक आहे, रंग उडायच्या आधीच्या भिंती आहेत. ते सगळे गेले तरी तारे बोर्डावर तसेच. नवीन हॉटेलचं ४.९ म्हणजे मालकाचे भाऊबंद, मित्र आणि उद्घाटनाला फुकट जेवलेले रीलवाले. दोन्ही आकडे आजच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून सर्वात अलीकडचे अशी क्रमवारी लावायची आणि गेल्या दोन महिन्यांतलेच वाचायचे, त्यातही तीन ताऱ्यांचे. पाचवाला खूश आहे, एकवाला भांडून आलाय, तीनवाला मात्र जरा दम खाऊन लिहितो, "चव चांगली पण दोनदा आठवण करावी लागली" वगैरे, त्यातून काहीतरी हाती लागतं. लोकांनी काढलेले साधे अंधुक फोटो पण बघा, हॉटेलने टाकलेले नाही.

जुनं_तेच_सोनं:

सगळं वाचलं, हुशार माणसं आहात, पण मला पटत नाही. झारावाले दादा म्हणतात दीड महिना थांबा. अहो सगळेच थांबले तर त्या माणसाने दीड महिना पगार कुठून द्यायचे? कुणीतरी पहिल्या आठवड्यात जातं म्हणूनच दुसऱ्या महिन्यात तुम्हाला नीट जेवण मिळतं ना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका नवरा-बायकोने छोटं हॉटेल टाकलं तेव्हा आम्ही पहिल्याच आठवड्यात गेलो, उशीर झाला, एक पदार्थ चक्क कच्चा होता, तो मी हाक मारून शांतपणे सांगितला, ती बाई स्वतः आली, ताट बदललं, नंतर विचारायला परत आली की आता बरं आहे का. तेवढ्यावर आमचं नातं जुळलं ते आजपर्यंत. पहिल्या दिवसांत मालक स्वतः हजर असतो, कान उघडे असतात, पुढे तो ऐकायचा बंद होतो किंवा ऐकायला तिथे नसतो. फक्त पहिल्या आठवड्यात जाताना वाढदिवस, पाहुणे, घाई असलं काही बरोबर नेऊ नका, दोघंच जा, दोन तीन पदार्थ मागवा आणि गप्पा मारत बसा. आणि घरी येऊन लगेच एक तारा ठोकू नका एवढीच विनंती, तिथल्या तिथे तोंडाने सांगा.

आणि जुन्या हॉटेलचं म्हणाल तर सगळं चवीवर नसतं हो. तिथला वेटर माझ्या सासूबाईंना न विचारता कमी तिखट आणतो, त्यांच्यासाठी उंच खुर्ची काढून ठेवतो. ते ५ पैकी ४.४ मध्ये कुठे मोजणार?

झारा_आणि_कढई:

ताई, कच्च्याचं तिथल्या तिथे सांगितलंत ते शंभर टक्के बरोबर. किचनला गिऱ्हाईक घरी गेल्यावरचा राग काही कामाचा नसतो, ताट परत आलं की मात्र सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. दीड महिन्याचं मी ज्यांना निवांत जेवण हवंय त्यांच्यासाठी म्हटलं, हौशी लोकांनी आधी जरूर जावं. तरी लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन पहिल्या आठवड्यात जाऊ नका यावर मी ठाम.

कान_किटलेला:

भटकी_जीभ, तुम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन जाता म्हणून एक वेगळीच गोष्ट. आवाज. माझ्या वडिलांना ऐकायचं मशीन आहे, नवीन हॉटेलात गेलो की ते दहा मिनिटांत मशीन काढून खिशात ठेवतात आणि जेवण होईपर्यंत भिंतीकडे बघत बसतात. नवीन ठिकाणी हल्ली सिमेंटची उघडी भिंत, काच, उंच छत, कुठे पडदा नाही कापड नाही, आवाज शोषायला काहीच नाही. त्यात संगीत. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, भरलेल्या हॉटेलात ८० सहज जातं, आणि मागचा आवाज वाढला की माणूस आपोआप वरच्या पट्टीत बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडला होता. एक टेबल ओरडलं की दुसरं ओरडतं आणि मग सगळं हॉटेल. जुन्या हॉटेलची बुटकी छतं आणि जाड पडदे आपल्याला जुनाट वाटतात पण आई-बाबा तिथेच का ओढतात याचं कारण कदाचित हेच असेल, चव नसेलही.

आम्ही आता संध्याकाळी लवकर जातो, गर्दी व्हायच्या आत, आणि फोन करून विचारतो की स्पीकरपासून लांबचं कोपऱ्यातलं टेबल मिळेल का, पायऱ्या किती आहेत, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का. फोनवर हे विचारल्यावर समोरचा कसं बोलतो त्यावरून पण हॉटेल कळतं.

भटकी_जीभ:

वा वा, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कान_किटलेला, तुमचं वाचून बाबांना सरळ विचारलं, ते म्हणाले "तिथे मला तुम्ही काय बोलता ते कळतच नाही, मग येऊन काय करू". इतके दिवस आम्ही समजत होतो त्यांना नवीन चव आवडत नाही.

झारादादा, अजून एक. ऑर्डर द्यायच्या आधी ओळखायचं कसं हे राहिलंच. आणि बफेबद्दल काय मत? पोरांना बफे फार आवडतो.

झारा_आणि_कढई:

आत गेल्यावर मी मेन्यूच्या आधी माणसं बघतो. स्टाफमध्ये एक तरी जुना चेहरा आहे का? जुन्या हॉटेलात प्रत्येक वेळी सगळे वेटर नवीन दिसायला लागले तर आत पगार वेळेवर होत नाहीत असं समजा, आणि बाहेरचे टिकत नाहीत तिथे आतले आचारीही टिकत नाहीत. मग वेटरला एक साधा प्रश्न, आज काय चांगलं आहे? "सगळंच चांगलं आहे सर" म्हणाला तर त्याने स्वतः काही खाल्लेलं नाही. एखाद्याचं नाव घेऊन "हे नका घेऊ, आज वेळ लागेल" म्हणाला तर मी निश्चिंत बसतो. वॉश बेसिन बघा, मेन्यू कार्ड चिकट आहे का बघा. हे डोळ्यांसमोरचं पुसलं जात नसेल तर आतलं कोण पुसतंय. आणि दारातून जुन्या तळणाचा वास आला तर उलट पावली परत, त्यात मी कुणाची भीड धरत नाही.

मेन्यूत पहिल्या नजरेला चौकटीत जे दिसतं ते हॉटेलला सगळ्यात जास्त पैसे देणारं असायची शक्यता असते, ते सगळ्यात चांगलं असेलच असं नाही. हे आता शास्त्र झालंय, अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या कसावाना आणि स्मिथ या दोघांनी १९८२ मध्ये मेन्यू इंजिनिअरिंग म्हणून पुस्तकच काढलं, कुठला पदार्थ किती खपतो आणि किती कमावतो त्यावरून चार गटांत वाटणी. आपण शेजारच्या तीन टेबलांवर सारखं काय दिसतंय ते बघून मागवायचं, ते दिवसभर खपत असतं म्हणजे ताजं असतं.

बफेत वेळ बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर कढत ठेवा, गार ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली, आणि नुसतं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून झाकण उघडल्यावर वाफ येते का ते बघा, नुसतं कोमट असेल तर सोडून द्या. बफे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात जा, छोटी भांडी वारंवार भरली जात असतील तर चांगलं लक्षण. भलंमोठं भांडं, वर साय धरलेली आणि डाव आत बुडालेला, तिकडे पोरांना फिरकू देऊ नका.

दोस्त_सुदामा:

मी इतकी वर्षं डाव आत बुडालेल्या भांड्यातूनच जेवत आलोय. आज रात्री झोप नाही आता.

रोखठोक_हिशोब:

@सुदामा तुझं पोट कंपनीचं आहे, तुला काही होत नाही.

भटकी_जीभ, घरातल्या भांडणासाठी एक व्यवहारी तोडगा. सगळ्यांनी मिळून जायचं तेव्हा जुनं. नवीन ठिकाणी आधी तुम्ही दोघं, किंवा तुम्ही आणि पोरं, दुपारी कामाच्या दिवशी जाऊन या. दुपारी गर्दी कमी, किचनला श्वास घ्यायला जागा असते, बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू छोटा असतो म्हणजे खिशालाही कमी. तिथे आवाज, पायऱ्या, वेळ सगळं बघून घ्या आणि मगच आई-बाबांना न्या.

जुनं_तेच_सोनं:

आणि जुन्या हॉटेलातही पोरांना एकदा ऑर्डर देऊ दे. आई-बाबा वर्षानुवर्षं तेच चार पदार्थ मागवत असतील, त्या मेन्यूची शेवटची पानं कुणी उघडूनसुद्धा बघितली नसतील.

भटकी_जीभ:

हे जमण्यासारखं आहे. चौकातल्या नवीन ठिकाणी मंगळवारी दुपारी आम्ही दोघं जातोय, उघडून दोन महिने होत आले. ताजे तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचले, दोघातिघांनी लिहिलंय की जेवण उत्तम पण बिल यायला फार वेळ लागतो. चालेल.

झारा_आणि_कढई:

जा बिनधास्त. फक्त निघायच्या आधी फोन करा, बरीच हॉटेलं शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी नाहीतर मंगळवारी सुट्टी घेतात आणि नवीनवाले ती ऑनलाइन टाकायला विसरतात. बिल मात्र शेवटचा पदार्थ टेबलावर आला की लगेच मागून ठेवा.